फुकटच्या गोळीचं भाडं

नैराश्यावर दिली जाणारी फ्लुओक्सेटीनची वीस मिलिग्रॅमची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जन औषधी केंद्रातून विकत घेतली तरी रोज एक याप्रमाणे महिन्याच्या गोळ्यांना शंभर रुपयेही लागत नाहीत. पण वऱ्हाडातल्या नाहीतर झाडीपट्टीतल्या एखाद्या आडगावातून हीच फुकटची गोळी दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायची म्हटली, की ती घरातल्या कोणत्याही औषधापेक्षा महाग पडते.

हिशेबच मांडू. पेशंट एकटा जात नाही, सोबत बायको नाहीतर भाऊ असतो. म्हणजे दोघांची रोजी बुडाली. रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर धरला तरी ६२४ रुपये झाले. गावातून फाट्यापर्यंत काळी-पिवळी, माणशी वीस रुपये, जाऊन-येऊन दोघांचे ८०. पुढे एसटीचं एका बाजूचं तिकीट शंभर धरा. बाईला निम्मं पडतं, तरी दोघांचे जाऊन-येऊन ३०० होतात. चहा-नाश्त्याला शंभर. एकूण ११०४ रुपये. वर्षाच्या बारा फेऱ्या म्हणजे सव्वातेरा हजार. एवढं करून दुपारी एकला खिडकीशी पोचल्यावर 'गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकावं लागलं, तर तो माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही. पुढच्या महिन्यातही येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एकच आहे. विदर्भाच्या खेड्यात मानसिक आजारावरचे आणि व्यसनावरचे उपचार परवडत नाहीत, त्याचं मुख्य कारण डॉक्टरची फी नाही, अंतर आहे. निदान एकदा जिल्ह्याला झालं तर चालेल, पण त्यानंतरची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे, आणि जमेल तिथे उपकेंद्रात. नवी इमारत, नवी योजना, नवं नाव यांपैकी कशाचीही त्यासाठी गरज नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात गेलं, बँकेचं थकलं, सावकार दारात उभा आहे, त्यात गोळी काय करणार? गोळीनं कर्ज फिटत नाही. एनसीआरबी म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांनी आत्महत्या केल्या, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. हा आकडा 'मनाचा आजार' म्हणून सरकारला हात झटकू देणं हा अन्यायच होईल. पण तीन-तीन रात्री डोळा न लागलेला, जेवण तुटलेला, वावरात जाऊन धुऱ्यावर नुसता बसून राहणारा माणूस कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्जही भरू शकत नाही. पीकविम्याची तक्रार मुदतीत करू शकत नाही. भावासाठी भांडायचं असो की बँकेशी, त्याला आधी उठून बसता आलं पाहिजे. कर्जाची लढाई आणि झोपेची गोष्ट या एकमेकींच्या आड येत नाहीत.

आज, आहे त्या परिस्थितीत, सुरुवात कुठून करायची? गावाच्या सगळ्यात जवळ उपकेंद्र असतं, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामात मानसिक आरोग्य येतं. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक यादी आहे, तिला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातलं लक्ष, स्वतःबद्दलचे विचार कसे होते, हे त्यात विचारतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरकडे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला 'हो' आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचवायचं.

ही यादी चुकते कुठे, तर अंगणात. आशाताई रजिस्टर घेऊन येते, ओट्यावर सासू बसलेली, शेजारीण निवडण-टिपण करतेय, पोरं खेळतायत. त्यात 'उदास वाटतं का?' असं विचारलं तर नऊही प्रश्नांना 'नाही' हेच उत्तर येणार. बाई शून्य गुणांनी निरोगी ठरते आणि आशाताई पुढच्या घरी जाते. हेच प्रश्न बीपी मोजायला एकटीला आत बोलावून, 'जेवण जातं का? झोप लागते का? डोकं जड राहतं का?' अशा बोलीनं विचारले तर उत्तर वेगळं येतं. आपल्याकडे 'मी उदास आहे' असं कुणी म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'छातीत धडधडते', 'अंगात जीव नाही', 'टेंशन आहे' असं म्हणतात. तपासणाऱ्याला हे शब्द ओळखता आले पाहिजेत, नाहीतर पेशंट वर्षभर ताकदीच्या सलाइनी लावत फिरतो.

उपकेंद्राच्या वर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशात तो १९९६ पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयात त्याचं पथक असतं: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. हे पथक ठरावीक दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येणं अपेक्षित आहे. मोठ्या आजाराला नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथलीच मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आहेत, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामचं रुग्णालय आहे. फोनवर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर चोवीस तास फुकट चालतो आणि मराठीत बोलता येतं. पेशंट बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी लावला तरी चालतो. फोन लावताना कागद-पेन जवळ ठेवा आणि नेमकं विचारा: आमच्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या तारखेला येतात, केस पेपर कुठे काढायचा, पेशंटनं आधीची कोणती कागदपत्रं आणायची. घरात मोकळेपणी बोलता येत नसेल किंवा रेंज नसेल, तर उपकेंद्राच्या खोलीतून लावा. तिथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी बोलून चिठ्ठीही मिळू शकते. पण चिठ्ठी हातात आली आणि त्या चिठ्ठीवरची गोळी मात्र साठ किलोमीटरवर असेल, तर गाडी पुन्हा तिथेच अडते.

हे अडणं नेमकं कधी होतं हे पाहण्यासारखं आहे. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तिचा त्रास मात्र पहिल्या तीन-चार दिवसांतच सुरू होतो. मळमळ, तोंड कोरडं पडणं, कधी सुस्ती तर कधी उलट झोप उडणं. म्हणजे पेशंटच्या दृष्टीनं पहिला आठवडा सगळ्यात वाईट, आणि डॉक्टरनं पुढची तारीख दिलेली महिन्यानंतरची. या मधल्या काळात 'हे होणारच, आठ-दहा दिवसांत कमी होतं, गोळी सोडू नका, जेवणानंतर घ्या' एवढं एक वाक्य सांगायला कुणी नसतं. पट्टीतल्या सहा गोळ्या खाऊन उरलेल्या कोनाड्यात पडतात. 'गोळीनं गुण आला नाही, हे बाहेरचंच आहे' असं ठरतं आणि मग बाबाकडे एका अमावस्येला काही हजार जातात. बाबाला दोष द्यायच्या आधी पाचव्या दिवशी एक फोन का गेला नाही, हे आरोग्य यंत्रणेनं स्वतःला विचारावं. गोळ्या सुरू केल्यावर पाचव्या आणि पंधराव्या दिवशी आशाताईनं भेटावं, आणि त्या भेटीचा मोबदला तिला वेगळा मिळावा. फुकट राबवून हे काम होणार नाही.

दुसरी गळती बरं वाटल्यावर होते. दोन महिन्यांत झोप येऊ लागली, माणूस वावरात जाऊ लागला, की गोळी बंद. बरं वाटायला लागल्यापासून पुढे निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, नाहीतर आजार उलटतो. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी येते. वेचणीचा दिवस बुडवून गोळी आणायला कोण जाईल? पुन्हा अंतराचाच प्रश्न. मिरगीच्या नाहीतर गंभीर मनोविकाराच्या गोळ्या अशा अचानक तुटल्या तर फिट येणं, माणूस आक्रमक होणं, पुन्हा भरती करावी लागणं, हे ठरलेलं.

कायदा या बाबतीत बराच पुढे गेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, अंमलात आला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम १८ प्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार फुकट मिळायला हवेत. आवश्यक यादीतली औषधंही सर्वांना, सर्व काळ, फुकट मिळायला हवीत. पण कुठपासून, तर 'सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावर'. आपल्याकडे ते म्हणजे ग्रामीण रुग्णालय. कायद्याचा हात तालुक्यापर्यंत पोचून थांबला आहे. धारणीहून अमरावती शंभर किलोमीटरहून लांब, सिरोंच्याहून गडचिरोली जवळपास दोनशे. तिथल्या माणसासाठी तालुक्यापर्यंत औषध येणंही मोठी गोष्ट आहे. पण जंगलातल्या गावाला तालुकाही लांबच असतो. कायद्यानं खालची पायरी लिहिली नाही म्हणून राज्यानं ती बांधू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी उपकेंद्रात मिळते, मग ही का मिळू नये?

औषध संपतं कसं, हेही समजून घ्या. मागणी साधारणपणे मागच्या खपावरून ठरते. दोन महिने गोळी नव्हती, म्हणून पेशंट तुटले, म्हणून खप कमी दिसला, म्हणून पुढची मागणी कमी गेली. कागदावर सगळं बरोबर आणि गावात पेशंट गायब. मागणी खपावरून नाही, नावांवरून करायला हवी. केंद्राच्या हद्दीत चाळीस जणांना रोज एक गोळी चालू असेल तर महिन्याला बाराशे, वर आणखी एका महिन्याचा साठा, म्हणजे चोवीसशे. हे गणित औषध निर्माण अधिकारी म्हणजे फार्मासिस्ट पाच मिनिटांत करू शकतो, फक्त त्याच्यासमोर चाळीस नावांचं रजिस्टर असलं पाहिजे. तात्पुरती तूट रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून भरून काढता येते. अशा समितीत गावचे लोक बसतात, पण बैठकीत हा विषय ते काढत नाहीत, कारण या पेशंटच्या घरचं कुणी उघडपणे मागायला येत नाही. मागायला यायची लाज वाटते म्हणूनच दुसऱ्यांनी मागायचं असतं.

तज्ज्ञांच्या भेटीचा दिवस आठवडी बाजाराला जोडावा. बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच, रोजी वेगळी बुडत नाही, आणि 'कुठे चालला?' या प्रश्नाला उत्तर तयार असतं. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. वेडाच्या डॉक्टरकडे चाललो असं सांगावं लागू नये, एवढ्याचसाठी कितीतरी लोक जात नाहीत.

गावातल्या माणसांनी हे काम होतं का, अशी शंका असेल तर ती विदर्भातच फिटलेली आहे. अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. प्रशिक्षण दिलेले गावपातळीचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि त्यांच्या वर डॉक्टर अशी त्याची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. गोव्यात तर डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्यासाठी सहा ते आठ आणि दारूसाठी एक ते चार बैठका घेऊन फरक पडतो हे चाचण्यांतून दाखवलं आहे. त्यामुळे 'माणसं नाहीत' ही सबब मान्य करू नये.

आता दारू. इथे अडाणीपणानं केलेली मदत जीव घेते, म्हणून जरा थांबून बोललं पाहिजे. घरचे कंटाळतात, चार भाऊबंद जमून पिणाऱ्याला खोलीत कोंडतात आणि 'आता एक थेंब द्यायचा नाही' म्हणतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊ शकतो, अंगावर किडे चालताहेत म्हणतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. गाव त्याला 'लागिर झालं' म्हणतं. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे, आणि उपचार न मिळाल्यास माणूस मरू शकतो. सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, ज्याला आधी कधी फिट आली आहे, कावीळ आहे, ताप आहे, अशा माणसाची दारू दवाखान्यात भरती करूनच सोडवायची. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम गोळ्या देऊन पाच-सात दिवसांत हळूहळू कमी करतात. आणखी एक बारकी पण जिवावरची गोष्ट: पिणाऱ्याच्या अंगात थायमिनची म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता बरेचदा असते. ते न देता ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 'अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावून द्या' असं कुणाही डॉक्टरला सांगताना हा माणूस रोज पितो, हे लपवू नका.

याहून धोक्याचं आहे भाजीत-वरणात गुपचूप मिसळलेलं औषध. 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात. त्या पुडीत काय आहे ते विकणाराच सांगत नाही. बरेचदा बायका डायसल्फिरामची गोळी कुणाच्या सांगण्यावरून चुरून घालतात. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यू. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे घडू शकतं. ती गोळी पिणाऱ्याच्या संमतीनं, सगळं समजावून, दारू थांबल्यावरच द्यायची असते. कंटाळलेल्या बायकोचा यात दोष नाही. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवला नाही, हा दोष आहे. दारूची ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, त्यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा नंबर आहे. आणि एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, नाव विचारत नाहीत. दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने सांभाळायला अशा बैठकीइतकं स्वस्त काही नाही. तालुक्यात बैठक नसेल तर ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं संध्याकाळी एक खोली द्यावी. सोडलेले दोघं-तिघं भेटले तरी ती सुरू होते.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात माणूस टाकायच्या आधी पैसे देऊ नका, आधी पाहा. २०१७ च्या कायद्याखालच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? डॉक्टर कोण आणि किती दिवसांनी येतो? रात्री फिट आली तर कुठे नेणार? भेटायला आणि फोन करायला मिळतो का? 'तीन महिने भेटायचं नाही' म्हणणारं केंद्र सोडून द्या. साखळीनं बांधणं कलम ९५ प्रमाणे बेकायदा आहे. नुसत्या नातेवाइकाच्या सहीवर धडधाकट माणसाला महिनोन्‌महिने कोंडायची मुभा कुणालाच नाही. उचलून नेणारी गाडी पाठवू म्हणतात, तिथेच सावध व्हा.

दारूबंदीबद्दल थोडक्यात. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून बंद आहे. चंद्रपूर २०१५ ला बंद झालं, २०२१ ला उघडलं. बंदीच्या बाजूनं गावातल्या बाया उभ्या राहतात त्याला सबळ कारण आहे, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण बंदीनं नवा पिणारा थांबतो, जुन्या पिणाऱ्याची थरथर थांबत नाही. तो मोहाच्या हातभट्टीकडे जातो. गडचिरोलीत २०१६ पासूनच्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमानं गावाच्या संघटनेला तालुक्यातल्या उपचाराची जोड दिली. बंदी मागणाऱ्या प्रत्येक ठरावात उपचाराची मागणी त्याच कागदावर असावी. पानठेल्यावरच्या खर्ऱ्यालाही हेच लागू. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा फुकटचा नंबर आहे. पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो एवढं आधी सांगितलं तरी अर्धे लोक टिकतील असं वाटतं.

शेवटी जीव द्यायच्या गोष्टीबद्दल. 'मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारल्यानं ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून आणि वावरातल्या झोपडीतून हलवून शेजाऱ्याच्या ताब्यात द्या. एरवीही कृषी केंद्रातून लागेल तेवढंच आणा, उरलेली बाटली छपराला खोचून ठेवू नका. कुणी काही घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, कारण औषध कोणतं हे कळल्यावरच उतारा ठरतो. पोलिसांच्या भीतीनं कितीतरी घरं उशीर करतात. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला काळजी व उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. दवाखान्यात नोंद होते, तिला घाबरून थांबू नका.

येत्या ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्याला तीन प्रश्न लेखी द्या. आपल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत मानसिक आजाराच्या गोळ्या किती लोकांना चालू आहेत? नावं नकोत, आकडा हवा. मागच्या सहा महिन्यांत त्या गोळ्या किती दिवस उपलब्ध नव्हत्या? आणि मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला येतात तो दिवस बाजाराच्या दिवशी करता येईल का? तिन्ही प्रश्न आणि त्यांची उत्तरं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून) इतिवृत्तात लिहून घ्या, आणि नक्कल मागून घरी ठेवा.